एकतीस बायकांची डाळ

गुढियारी, रायपूर
२९ एप्रिल

इंदूताई,

पाया पडते. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर एवढं सगळं टाइप करणं माझ्याच्याने होत नाही, तेव्हा पुन्हा आपलं रेल्वेचं टपाल. पांडुरंग भाऊजी, म्हणजे यांच्यासोबतचे गार्ड, उद्या गाडी घेऊन नागपूरला येत आहेत. अजनीला तुमच्या घरी पत्र टाकून जातील. उत्तरही त्यांच्याच हाती द्या.

इथे नुसती घाण माजली आहे, ताई. आमच्या मागच्या पाऱ्यात, त्या वस्तीत, कावीळ पसरली. घराघरात पिवळे डोळे. काल गच्चीवरून पाहिलं तर तिथली उघडी नाली काठोकाठ भरलेली, वर पोरांचे वापरलेले डायपर तरंगून राहिलेले, आणि त्याच नालीतून सगळ्यांच्या नळाचे पाइप आतड्यांसारखे गेलेले. एक माणूस तिथेच उकिडवा बसून दात घासत होता. मला सकाळचा चहा गेला नाही. आपल्या पोरीचं, ज्ञानदाचं, ऑफिस तेलीबांध्याला. तलावाकाठचा गुपचूपवाला, म्हणजे इथला पाणीपुरीवाला, कोपरापर्यंत हात मडक्यात घालतो, त्याच हाताने नाक पुसतो, आणि पोरी रांगा लावून खातात. मी तिला शपथ घातली आहे.

आपल्या घरात मात्र काही चिंता नाही. प्यायला फिल्टरचं पाणी, बाथरूममध्ये वेगळी चप्पल, भाजी मिठाच्या पाण्यात. बारा तारखेला चैत्राचं हळदीकुंकू केलं. एकतीस बायका आल्या, शंकर नगरच्या चौघी तर गाडी करून आल्या. दोन किलोची आंब्याची डाळ आणि मोठं पातेलं भरून पन्हं. डाळ निवडणं, भिजत घालणं अंजनाबाईनं केलं, वाटून फोडणी मी दिली. कोणी दोनदा घेतली, कोणी डब्यात भरून नेली. गौरीपुढे एक कण सांडलेला दिसला नाही.

अंजनाबाईला आज कामावरून काढलं. अकरा वर्षं होती, पण राहते त्याच पाऱ्यात. ती भांड्याला हात लावायची आणि मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. शेवटी सांगून टाकलं. पदराला हात पुसून गेली.

ज्ञानदाचं साक्षगंध पंचवीस मेला नक्की झालं. मुलाकडची, नीलेशची माणसं भिलाईहून येतील. तुम्ही चार दिवस आधीच या. गुडघ्याचं कारण चालणार नाही.

तुमची
देवश्री


अजनी, नागपूर
२ मे

चि. देवश्री,

आशीर्वाद. तुझं पत्र नाकाला रुमाल लावून वाचलं.

एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, तेव्हा ऐक. ही कावीळ पाण्यातून आणि खाण्यातून होते. आजारी माणसाच्या शौचातून निघते आणि दुसऱ्याच्या तोंडात जाते. वाचायला घाण वाटलं ना? आहेच घाण. पण ती कोणाच्या साडीला चिकटून येत नाही. अंजनाबाईला काविळीचं काही लक्षण होतं का? तू तसं लिहिलेलं नाहीस. ती कुठे राहते एवढंच लिहिलंस. बाईला काढून पाणी शुद्ध होत नसतं, बाई. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, त्यातला प्रकार झाला हा.

मला तीन गोष्टी कळव. तुमच्या नळाचा पाइप कुठून आला आहे? त्याला थेट पंप जोडला आहे का? आणि दोन किलो डाळ कोणत्या पाण्यात भिजवली? तुझ्या फिल्टरची टाकी मी पाहिली आहे, दहा-बारा लिटरची. एकतीस जणींचं पन्हं त्यात कसं झालं, हे माझ्या डोक्यात बसत नाही. आंब्याची डाळ आपण शिजवत नाही, कच्ची वाटून खातो, हे लक्षात घे.

आजपासून पिण्याचंच नाही, चूळ भरायचं, कोथिंबीर धुवायचंही पाणी उकळ. खळखळून उकळी फुटली की पाच मिनिटं तशीच राहू दे. संडासाहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात. ती बाटलीतली जेल याला पुरत नाही.

हा रोग आत शिरल्यावर दोन ते सात आठवडे गप्प बसतो, बहुतेकदा महिनाभर. मग ताप, मळमळ, अन्नाचा वास नको होणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, लघवी काळ्या चहासारखी. डोळे पिवळे व्हायच्या आधीच माणूस सगळ्यात जास्त रोग पसरवतो. तुला मला काही होणार नाही. आपल्या लहानपणी विहिरीच्या पाण्यातून होऊन गेलेली असते, कळलीही नसेल. ज्ञानदा मात्र बाटलीच्या पाण्यावर वाढली, तिच्या अंगात काही ताकद नाही. तिला लस दिली होतीस का?

साक्षगंधाला येते. गुडघा सोबत आणीन.

इंदू


गुढियारी
९ मे

ताई,

नमस्कार. तुमचं पत्र यांनी वाचलं आणि हसले. मला हसू आलं नाही. मला लहानपणी कावीळ झाली असेल, हे तुम्ही कशावरून लिहिलं? आमच्या वर्ध्याच्या घरात आई विहिरीचं पाणीसुद्धा दुपदरी फडक्याने गाळायची. आणि डाळ कोणत्या पाण्यात भिजवली, हा काय प्रश्न झाला? भिजत घालायला कोणी फिल्टरचं पाणी घेतं का? लस घाणीत राहणाऱ्यांसाठी असते, असं मी समजत होते. असो.

तुम्ही नर्स होतात म्हणून एक विचारते. आमच्या शेजारच्या एका मुलीला चार दिवसांपासून बरं नाही. आधी ताप आला, आता उतरला. फोडणीचा वास आला की उलटी करते, तोंडातून आंबूस घाण येते, आणि उलटीचा रंग पिवळा-हिरवा. लघवी अगदी तुम्ही लिहिली तशी. कालपासून डोळ्यांच्या कडा पिवळ्या. तिच्या आईने हळद बंद केली, दिवसातून तीनदा उसाचा रस, तापाच्या गोळ्याही सुरू ठेवल्या आहेत, दिवसाला पाच-सहा. गुढियारीतच एक बाबा काविळीची माळ देतो. डोक्यावर घातली, आता मानेपर्यंत आली आहे. बेंबीपर्यंत पोचली की कावीळ उतरली म्हणतात. त्याने चुन्याच्या पाण्यात मुलीचे हात धुतले तर पाणी पिवळंजर्द झालं, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. मुलगी दिवसभर झोपून असते, म्हणजे आराम चांगलाच मिळतो. दवाखान्यात नेलं की चार माणसं विचारतात, गोष्ट बाहेर फुटते, आणि मुलीचं लग्न ठरलेलं आहे. तिच्या आईला वाटतं, माळेवर आठवडाभर थांबावं. तुम्हाला काय वाटतं, एवढंच कळवा.

ज्ञानदा ऑफिसच्या कामाने दमली आहे, सुट्टी काढून घरीच आहे. साक्षगंधाची साडी घेतली, मोरपंखी.

देवश्री


अजनी
१० मे

देवश्री,

शेजारच्या मुलीच्या लघवीचा रंग पाहायला तू कधी गेलीस? नालीकडे पाहून जिला चहा जात नाही, ती शेजारणीची उलटी पाहत बसली, असं मला समजायचं का? ती ज्ञानदा आहे.

पत्र वाचताक्षणी खालच्या मजल्यावरच्या अश्विनकडून तुला दोनदा फोन लावून घेतला. तू त्याला म्हणालीस, सगळं छान आहे, ताईंना सांगा. तुझ्या नवऱ्याला, मारोतीला, निरोप टाकला, तो मालगाडीवर, फोन बंद. म्हणून पांडुरंगाला थांबवून हे खरडते आहे. घरी जायच्या आधी तुझ्या हातात देईन, अशी त्याच्याकडून कबुली घेतली आहे.

माळेचं ऐक. ओल्या काड्यांना सैल गाठी मारून ती गुंफतात. काड्या वाळल्या की बारीक होतात, गाठी सरकतात, माळ लांबते. ती दाराच्या खिळ्याला टांग, तिथेही लांबेल. चुन्याच्या पाण्याआधी तो हाताला काहीतरी चोळतो, ते आंब्याच्या सालीचं पाणी असतं. मी आमच्या दवाखान्यात डॉक्टरांचे धडधाकट हात तसे धुवून दाखवले होते, पिवळे झाले. बहुतेक पोरांची कावीळ आपोआपच बरी होते, आणि पुण्य माळेला लागतं.

पण जी होत नाही, तिची खूण तूच लिहिलीस आणि त्याला आराम म्हणालीस. दिवसभर झोप. हाक मारली तर लगेच उठते का? रात्रभर जागी राहते का? काही विसंगत बोलते का? हिरड्यांतून, नाकातून रक्त? यातलं एकही असेल तर यकृत खचत चाललं आहे. तापाच्या गोळ्या या क्षणी बंद. त्या गोळ्यांचा भार यकृतावरच पडतो. हातगाडीवरचा रस बंद, त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे देव जाणे. हळदीने काही होत नाही.

लग्न मोडलं तर दुसरं जुळेल. पत्र खाली ठेव, चप्पल घाल आणि तिला मोठ्या दवाखान्यात ने.

इंदू


रायपूर, दवाखान्यातून
१९ मे

ताई,

नमस्कार करायचं तोंड नाही.

तुमचं पत्र दहाला संध्याकाळीच मिळालं. पांडुरंग भाऊजी दारात उभे राहून म्हणाले, माझ्यासमोर वाचा वहिनी. मी वाचलं आणि म्हटलं, हो हो, नेते सकाळी. त्यांना चहा दिला. मनात म्हटलं, माळ छातीपर्यंत आली आहे, उद्याचा दिवस पाहू. हे तुम्हाला खरंखुरं लिहिते आहे, कारण आता झाकायला काही उरलं नाही.

अकराला पहाटे आवाज आला म्हणून उठले. ज्ञानदा आरशासमोर केसांच्या दोन वेण्या घालत बसली होती. तेवीस वर्षांची पोट्टी. मला म्हणाली, "मम्मी, रिक्शावाले भैया आ गए क्या? मेरा टिफिन?" तिच्या शाळेचा रिक्षावाला मरून सहा वर्षं झाली. मी हात धरला तर हात पंख्यासारखा फडफडत होता. तोंडाला असा वास, गोडूस आणि कुजका, की मी, तिची आई, एक पाऊल मागे सरले. ते पाऊल मी विसरणार नाही.

हे तोवर ड्युटीवरून आले होते. अंगावरच्या कपड्यानिशी नेलं. सात दिवस काचेच्या आत होती. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस घरी ठेवली असती तर इथे आणायची गरजच उरली नसती. गोळ्यांचा हिशेब विचारला, मी सांगितला, त्यांनी पेन खाली ठेवलं. माळ नर्सने कात्रीने कापून बादलीत टाकली. सोळाला तिने मला ओळखलं, पाणी मागितलं. कालपासून साध्या खोलीत आहे. डोळे अजून पिवळे आहेत, पण बोलते नीट. वाचली, ताई.

नीलेशकडे यांनीच फोन केला आणि सगळं सांगितलं. पंचवीसचं साक्षगंध आता होत नाही. मुलगा रोज येऊन बाहेर बसतो. मी त्याच्याशी काय बोलू?

आता तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं. रिपोर्टमध्ये पाण्यातली कावीळच निघाली. डॉक्टरांनी विचारलं, महिन्याभरापूर्वी बाहेर काय खाल्लं? मी झटकन म्हटलं, गुपचूप. ज्ञानदा खाटेवरून म्हणाली, "मम्मी, मैंने नहीं खाया. आपने कसम दी थी." त्या संध्याकाळी यांनी नत्थू प्लंबरला बोलावलं. त्याने फाटकापुढची फरशी उचलली. आमच्या दारातली नाली वरून झाकलेली, म्हणून मला ती कधी नालीच वाटली नाही. आत काळा गाळ, त्यात झुरळं, किडे, कसले कसले तुकडे, आणि त्या गाळात आमचा पाइप. जोडाला सायकलची ट्यूब आणि प्लास्टिकची पन्नी गुंडाळलेली. दोन वर्षांपूर्वी पंप बसवताना यांनीच गुंडाळली होती. नत्थू म्हणाला बटण दाबा. मी दाबलं. जोडापाशी गाळाला खळी पडली आणि ती हळूहळू आत ओढली जायला लागली.

"भाभी, ये देखो," तो म्हणाला. "आपका पंप नाली पी रहा है."

मी तिथेच भिंतीला धरून ओकले. त्याच पाण्यात डाळ भिजली. फिल्टरचं पाणी संपलं म्हणून शेवटचं अर्धं पातेलं पन्हं त्याच नळाचं. मी स्वतःच्या हाताने, हळदीकुंकू लावून, एकेकीला वाटीत घालून दिलं. वर आग्रह केला.

हे म्हणतात, झालं ते झालं, पाइप बदलला, आता कोणाला सांगत बसू नको. गावभर नाव होईल.

देवश्री


अजनी
२१ मे

देवश्री,

पोर वाचली, पत्र वाचून देवाजवळ साखर ठेवली. तुझ्यावरचा राग संपलेला नाही, तो भेटीत.

मारोती माझा पाठचा भाऊ, पण त्याचं ऐकू नकोस. एकतीस घरं आहेत ती. कोणाची पोरं सोबत आली होती, कोणी डबा नेला. त्यांच्यात आजही कोणी तापाला साधा ताप समजत असेल, कोणी माळ घालून बसलं असेल, कोणी लेकराला दिवसाला सहा गोळ्या देत असेल. हे तू पाहून बसली आहेस, त्यांनी पाहिलेलं नाही. ज्या घरात आता आजारी आहे, तिथल्या बाकीच्यांना लवकर लस मिळाली तर अजून उपयोग होतो. तेवढ्यासाठी तरी जा. दवाखान्याला पाण्याचंही सांग, म्हणजे तुमच्या ओळीतले सगळे पाइप तपासतील.

फोन करू नकोस. फोनवर तू सगळं छान आहे म्हणतेस.

इंदू


गुढियारी
३१ मे

ताई,

ज्ञानदा घरी आली. मऊ भात खाते, हळद घालून. अशक्त आहे, पण भांडते माझ्याशी, म्हणजे आपलीच आहे.

मी एकतीसही घरी गेले. नऊ दिवस लागले. दारात उभी राहून म्हणायची, चैत्रात माझ्याकडची डाळ खाल्ली होती, ती नालीच्या पाण्यातली होती. घरात कोणाला ताप, उलट्या, पिवळे डोळे? बारा घरांत निघाले. सगळ्या गुपचूपवाल्याला शिव्या देत होत्या. दोन घरांत माळा होत्या. एका घरी बारा वर्षांचा मुलगा झोपेतून उठत नव्हता. माझ्यासमोर त्याला रिक्षात घातलं. वाचला, पण मी गेले नसते तर, हा विचार जेवताना येतो आणि घास बाहेर येतो.

शंकर नगरच्या मंजिरीची सात वर्षांची मुलगी आजारी होती. तिने मला पायरीखालीच थांबवलं. मी बोलत होते तोवर तिने नाकाला पदर लावला होता. मग दार लावून घेतलं आणि आतून फिनाइलचा वास आला. मी उभी होते तेवढी पायरी तिने धुतली असणार. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

शेवटी मागच्या पाऱ्यात गेले. अकरा वर्षांत अंजनाबाईचं घर पाहिलं नव्हतं. दारात नाली होतीच, पण घर सारवलेलं, आणि चुलीवर पातेल्यात पाणी खळखळत होतं. कावीळ तिच्या घरात कोणालाच नाही. आमची डाळ तिने डब्यात नेली होती. मी विचारलं, तुम्ही सगळ्यांनी खाल्ली का? ती म्हणाली, नाही बाई, नालीत टाकली.

मी विचारलं, काहून?

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "डाळ भिजू घातली तवाच पानी घान मारून राहिलं होतं. पंधरा दिवसांपासून मारे."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तुमच्या घरचं पानी घान हाय, हे म्या तुमाले सांगाव?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ताई, तेच मला सोसवलं नाही. "तुमी म्हटलं असतं, तुयाच हाताचा वास हाय. त्याच दिवशी काढलं असतं मले."

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, काढलंच असतं.

देवश्री